दस्ताचा एडिटर: प्रकल्प नोंदी, जून ते डिसेंबर २०२५

१६ जून

दुकानात दस्त टाइप करणाऱ्या मावशींचं मशीन गेलं. शनिवारी दुपारी वीज तीनदा आली-गेली. चौथ्यांदा आली तेव्हा पंखा फिरला, पण पडदा काळाच. राजारामपुरीत नेऊन दाखवलं. मदरबोर्डावरचे चार कपॅसिटर फुगलेत आणि त्या बोर्डाचा जोड आता भंगारातही सापडत नाही. हार्ड डिस्क शाबूत आहे, एवढं नशीब.

दुकानात नवं मशीन आलं, त्यावर विंडोज ११. अण्णांचा एडिटर, म्हणजे दस्त मारायचा त्यांनी लिहिलेला प्रोग्राम, त्यावर उघडणार नाही हे मला ठाऊक होतं, तरी मावशींच्या समाधानासाठी क्लिक करून दाखवलं. १६ बिटांचा डॉस प्रोग्राम ६४ बिटांच्या विंडोजवर चालत नाही, आणि विंडोज ११ ही ३२ बिटांत निघालेलीच नाही. म्हणजे तो रस्ता कायमचा बंद.

तात्पुरतं म्हणून डॉसबॉक्स-एक्स (नव्या मशीनवर डॉसचं सोंग घेणारा प्रोग्राम) टाकला आणि त्यात एडिटर सुरू करून दिला. निळा पडदा, पिवळी अक्षरं, सगळं जसंच्या तसं. मावशींनी एक अख्खं प्रतिज्ञापत्र मारलं आणि मान हलवली. "चालतंय. पण कायतरी कमी हाय बघ." काय कमी, ते त्यांना सांगता येईना. मी म्हटलं, कीबोर्ड नवा आहे, होईल सवय.

१९ जून

पुढे कुणी ह्या नोंदी उघडल्या तर त्याला माहीत असावं म्हणून. एडिटर अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, १९९४ साली टर्बो सीमध्ये, म्हणजे बोर्लंड कंपनीच्या सी भाषेच्या साधनात लिहिला. दुकान कोल्हापुरात, भाऊसिंगजी रोडच्या आतल्या गल्लीत, जुन्या कोर्टापासून दोन मिनिटांवर. काम दस्तांचं: खरेदीखत, साठेखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, कुलमुखत्यारपत्र. आधी सगळं रेमिंग्टनच्या टंकयंत्रावर चालायचं. मावशी तेव्हापासून आहेत. माझ्या नात्यातल्या नव्हेत, अख्ख्या गल्लीच्या मावशी.

प्रोग्रामला नाव नाही. दुकानात त्यालाच "दस्त" म्हणतात. "दस्त चालू कर." "दस्त हँग झाला." हे दुसरं वाक्य मी आयुष्यात एकदाच ऐकलंय.

कळा वर्डस्टार ह्या जुन्या वर्ड प्रोसेसरच्या. मला वाटायचं अण्णांनी वर्डस्टार बघून उचलल्या. तसं नाही. बोर्लंडच्या टर्बो सीमधला एडिटरही त्याच कळांवर चालायचा. अण्णा म्हणाले, "दिवसभर त्यातच प्रोग्राम लिवायचो, हाताला तेच येत हुतं." वर्डस्टार १९७८ चा. तेव्हाच्या पुष्कळ कीबोर्डांना बाणाच्या कळाही धड नसायच्या, म्हणून कंट्रोल दाबून ई म्हणजे वर, एक्स म्हणजे खाली, एस डावीकडे, डी उजवीकडे. चार कळांचा एक हिरा. त्याच्या दोन्ही अंगांना ए आणि एफ, शब्दाशब्दाने उडी मारायला. हात आपल्या जागेवरून हलतच नाही.

मावशींना सांगितलं की तो जॉर्ज मार्टिन, एवढा मोठा लेखक, अजून डॉसवर वर्डस्टार ४ मध्येच लिहितो. आणि कॅनडातल्या रॉबर्ट सॉयर नावाच्या लेखकाने २०२४ मध्ये वर्डस्टार ७ आणि त्याची सगळी मॅन्युअलं गोळा करून लोकांसाठी खुली ठेवली. मावशी म्हणाल्या, "मग? त्यात काय विशेष?"

२३ जून

सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा मूळ कोड, शोधायला शाहूपुरीत अण्णांच्या घरी. फ्लॉप्या सात. २०१९ च्या पुरात खालच्या कपाटात पाणी गेलं होतं, पाचांना बुरशी. दोन वाचल्या, त्यातल्या एकीवर १९९६ चा सोर्स मिळाला. त्यानंतरचे बदल कागदावर: कडेला भोकं असलेल्या सलग कागदाची एक चळत, रिबन संपत आल्यासारखी फिकी छपाई. ती भिंग घेऊन वाचायची.

कॉमेंट, म्हणजे कोडातल्या टिपा, रोमन लिपीत, भाषा कोल्हापुरी. एका फंक्शनच्या डोक्यावर फक्त "इथं हात लावू नको" एवढंच. का, ते अण्णांना आठवत नाही. "लावू नको म्हणलंय न्हवं, मग लावू नको."

रात्री दोन याद्या केल्या. ठेवायचं: कळा, ब्लॉक, अंकी-अक्षरी, रेघ, कच्ची फाइल. टाकायचं: डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला हुकूम देणारे एस्केप कोड, पडदा रंगवायचं सगळं प्रकरण, मेमरीच्या कसरती, स्पीकरवर बीप करणारं फंक्शन. नवा एडिटर क्यूटीमध्ये (पडद्यावरच्या खिडक्या-बटणांची तयार सामग्री), अक्षरजुळणी हार्फबझकडे (सांकेतांकांवरून अक्षरांची रूपं जुळवणारी लायब्ररी), साठवण साध्या यूटीएफ-८ मजकुरात, म्हणजे युनिकोड ह्या आज सगळीकडे चालणाऱ्या सांकेतांकांत. अण्णांनी एकच अट घातली: मावशींना काही नवीन शिकावं लागता कामा नये. त्यांची पासष्टी उलटली आहे.

४ जुलै

तीन दिवस एका वेलांटीत गेले.

रेमिंग्टनवर माणूस अक्षर टाइप करत नाही, अक्षराचे तुकडे लावतो. "स्थिती" मारताना मावशी आधी पहिली वेलांटी मारतात, मग अर्धा स, मग अर्धा थ, मग काना (इथे थ पुरा झाला), मग त, मग दुसरी वेलांटी. कागदावर डावीकडून उजवीकडे जसं दिसतं तसंच. युनिकोडात क्रम उच्चाराचा: स, पाय मोडका, थ, आणि मग पहिली वेलांटी. म्हणजे पहिली कळ दाबली तरी ती वेलांटी लगेच साठवता येत नाही. हातात धरून बसायचं, जोडाक्षर पुरं होईल तेव्हा मागे लावायची. आणि पुरं झालं हे कळणार कधी? अर्धा स आला, थांबा. अर्धा थ आला, थांबा. काना आला: आता हा काना "आ"चा नाही, थ ला उभा करणारा दंड आहे, तो गिळायचा आणि वेलांटी सोडायची. ख, घ, ण, थ, ध, भ, श, ष, क्ष ही सगळी ह्याच जातीची, अर्धं अधिक दंड. "धा" मारायला दोन काने लागतात.

हे जमलं. मग बॅकस्पेसने खाल्लं. मावशींनी "मुख्य" मारताना चुकून ख पुरा केला, बॅकस्पेस मारली आणि य दाबला. त्यांच्या हिशोबाने बॅकस्पेसने फक्त दंड जायला हवा आणि अर्धा ख उरायला हवा. माझ्या एडिटरात ख हे एकच अक्षर, ते अख्खं गेलं. पडद्यावर "मुय".

"माझा ख खाल्लास."

जुन्या प्रोग्रामात फाइलच तुकड्यांची असायची, त्यामुळे हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. आता चालू शब्दाच्या सगळ्या कळा क्रमाने लक्षात ठेवतोय. बॅकस्पेस आली की शेवटची कळ काढायची आणि शब्द पहिल्यापासून पुन्हा जुळवायचा. कर्सर दुसरीकडे जाऊन परत आला तर युनिकोडावरून कळा उलट्या काढायच्या. हे काम पडद्यावर कुणाला दिसणार नाही. दिसलं तर चुकलं समजायचं.

११ जुलै

कॅप्स लॉकच्या जागी कंट्रोल आणला. जुन्या कीबोर्डांवर तो तिथेच, ए च्या शेजारी असायचा. त्याशिवाय तो हिरा हाताखाली नीट येत नाही. मावशींची करंगळी दुखायची थांबली. दुखत होती हे त्यांनी आज सांगितलं.

२५ जुलै

पाऊस. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी जो तो फोनवर बघतोय. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. फ्लॉप्यांचा धडा घेऊन सगळ्या जुन्या फाइलींच्या दोन प्रती केल्या, एक शहराबाहेर ठेवली.

साधारण साडेसहा हजार फाइली. नावं आठ-आठ अक्षरांची, डॉसच्या नियमाने: आडनावाची पहिली चार, दस्ताचा प्रकार दोन अक्षरं, मग क्रमांक. मी उत्साहाने सांगितलं की आता नाव कितीही लांब देता येईल. मावशींनी कपाटातून वही काढली. त्यात १९९४ पासूनच्या प्रत्येक फाइलीची ओळ आहे, त्याच आठ अक्षरांत. नियम तसाच ठेवला.

६ ऑगस्ट

जुन्या फाइली युनिकोडात आणणं. वाटलं होतं चार दिवसांचं काम, लागले सोळा.

फॉन्ट अण्णांनी स्वतः ठिपक्या-ठिपक्यांनी काढलेला, आणि फाइलीत त्या चित्रांचे क्रमांक. तक्ता करून बदलायचं एवढंच असतं तर बरं होतं. पण रफार अक्षरानंतर मारला जातो आणि युनिकोडात तो अक्षराच्या आधी जातो. "कर्ज" सोपं आहे. "आर्थिक" मध्ये फाइलीतला क्रम आ, वेलांटी, थ, रफार, क. वेलांटी पुढे न्यायची, रफार मागे, दोघांनी एकमेकांना न धडकता.

आणि अर्धा र. आमच्या धंद्यात "दुसऱ्या", "शेतकऱ्याने", "लिहून घेणाऱ्याने" ह्यांच्याशिवाय पान पुरं होत नाही. हा र युनिकोडात दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक तर नुक्त्याच्या ऱ ला पाय मोडका लावून, नाही तर साध्या र ला पाय मोडका आणि मागे न दिसणारं जोडचिन्ह लावून. त्यात तो ऱ सुद्धा कधी एका सांकेतांकाचा, कधी र आणि नुक्ता असा सुटा. पडद्यावर तिन्ही सारखे, शोधायला गेलं तर तीन वेगळे शब्द. मी पहिली तऱ्हा घेतली, सगळे सुटे नुक्ते एकत्र केले, आणि बाहेरून चिकटवलेला मजकूरही आत येतानाच तसा करून घेतो. हा र चुकला तर काय होतं ते शाळेत सगळ्यांनी ऐकलेलं असतं: आचार्यांना बोलवायचं, तर येतात आचारी.

"ॲड." प्रत्येक दस्तात. जुन्या फाइलीत अ वर चंद्र ठेवलेला. युनिकोडात ॲ ला स्वतःची जागा २००८ साली मिळाली, त्यामुळे हाही दोन तऱ्हांनी सापडतो. एकच केला.

तपासायची रीत अशी ठेवली: जुनी फाइल युनिकोडात न्यायची, युनिकोडातून परत जुनी बनवायची, आणि दोन्ही बाइटनबाइट जुळल्या पाहिजेत. पहिल्या रात्री दोनशेवर फाइली जुळल्या नाहीत. बहुतेकांत चूक कन्व्हर्टरची नव्हती. रफार दोनदा मारलेला होता. जुन्या पडद्यावर दुसरा पहिल्यावर बसायचा, त्यामुळे तीस वर्षांत कुणाला दिसला नाही.

१८ ऑगस्ट

आज काम शून्य. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आजपासून समोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झालं. सहा जिल्ह्यांचे वकील, सीपीआर चौकात गाडी लावायला इंचभर जागा नाही. मावशींनी दिवसभरात एकवीस प्रतिज्ञापत्रं मारली, डॉसबॉक्सवरच. मी चहा आणून देत होतो.

२६ ऑगस्ट

ब्लॉकचं काम संपवलं. नव्या लोकांना ह्याची गंमत सांगावी लागते. आजच्या कुठल्याही एडिटरात मजकूर निवडला आणि दुसरीकडे क्लिक केलं की निवड सुटते. वर्डस्टारात तसं नाही. कंट्रोल-के-बी ने सुरुवातीला खूण, कंट्रोल-के-के ने शेवटी खूण, आणि मग ती खूण तशीच राहते. तुम्ही चार पानं खाली जा, दोन परिच्छेद मारा, एक ओळ दुरुस्त करा, ब्लॉक जागेवर असतो. हवा तिथे कंट्रोल-के-सी म्हटलं की नक्कल येते, कंट्रोल-के-व्ही म्हटलं की तोच तिथे सरकतो. मावशी मिळकतीचं वर्णन एकदा मारतात, सिटी सर्व्हे नंबर, वॉर्ड, क्षेत्रफळ, पूर्वेस-पश्चिमेस-दक्षिणेस-उत्तरेस, आणि मग दस्तभर फिरून जिथे लागेल तिथे टाकतात. चतुःसीमा दुसऱ्यांदा हाताने मारली की चूक होते हे त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. क्यूटीतली निवड फेकून देऊन खुणा वेगळ्या ठेवाव्या लागल्या.

दुकानात नवा पोरगा आलाय, बी.कॉम.ला आहे. त्याला कंट्रोल-एस म्हणजे सेव्ह. इथे त्याने तो दाबला की कर्सर एक अक्षर डावीकडे. दिवसभर त्याची अक्षरं एकमेकांत घुसत होती. दोन्ही कळसोयी एकत्र बसवायचा विचार एक तासभर केला आणि सोडला. अर्धी जुनी, अर्धी नवी कळसोय कुणाच्याच हाताची राहणार नाही. उघडताना नाव विचारतो, नावाप्रमाणे कळा. मावशींच्या एकाही कळेला धक्का नाही.

उद्या गणपती. चार दिवस सुट्टी.

९ सप्टेंबर

मावशींनी पहिल्यांदा नव्या एडिटरात मोठा दस्त मारून बघितला आणि अर्ध्यात सोडला. "अक्षर बोटाच्या मागनं येतंय."

मला दिसत नव्हतं. फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचा व्हिडिओ घेतला, बोट आणि पडदा एकाच चौकटीत. कळ तळाला टेकल्यापासून अक्षर उमटेपर्यंत २६ फ्रेम, म्हणजे शंभर मिलिसेकंदांच्या वर. अण्णांचा एडिटर डॉसबॉक्सातही १०. आणि हे फक्त दस्तात, पत्रात नाही.

कारण: दस्ताला परिच्छेद नसतात. "लिहून देतो ऐसाजे" पासून निघालेलं वाक्य दोन-दोन पानं थांबत नाही. हार्फबझला मी दर कळेला अख्खा परिच्छेद जुळवायला देत होतो, आणि आमचा परिच्छेद म्हणजे तीन हजार अक्षरं. आता चालू शब्दापासून पुढे जुळवतो आणि एखादी ओळ आधीसारखीच तुटली की थांबतो. खालचं काही बदललेलं नसतं. ९ फ्रेम. मावशी म्हणाल्या, "आता बरं," आणि त्यांना काय बरं झालं ते विचारलंच नाही.

२२ सप्टेंबर

अंकी-अक्षरी. १८,८३,००० मारून एफ-९ दाबलं की पुढे "(अक्षरी रुपये अठरा लाख त्र्याऐंशी हजार फक्त)". हे इंग्रजीत करायला वीस-तीस शब्द पुरतात. मराठीत ० ते ९९ चा अख्खा तक्ता लागतो, कारण एकोणसाठ हा साठात नाही आणि पन्नासातही नाही. शंभराचंही तसंच: रक्कम नेमकी १०० असेल तरच "शंभर", ११०० ला "एक हजार एकशे". हा बारकावा अण्णांच्या कोडात होता, मी करायला विसरलो होतो.

तक्ता जसाच्या तसा घेतला तर ८३ ला "त्र्यांऐशी" छापलं गेलं. जुन्या सोर्समध्येच तसं होतं. म्हणजे एकतीस वर्षं? मावशींना विचारलं. "मला म्हाईत हाय की. मी दरवेळी हातानं नीट करते." अण्णांना का सांगितलं नाही? "त्यांनी केलंय येवढं, त्यात एक अनुस्वार काय घेऊन बसायचं."

दुरुस्त केलं. तीन दिवस त्या ८३ आला की थांबून बघत होत्या.

४ ऑक्टोबर

दसरा झाला. रेघेचं काम.

दस्तात मजकूर संपला आणि ओळ अर्धी राहिली तर उरलेली जागा डॅशनी भरून टाकतात, नंतर कुणी तिथे काही घुसडू नये म्हणून. अण्णांच्या एडिटरात एफ-७. मी डॅश मोजून टाकले, छापून दाखवले. मावशींनी पट्टी न घेता नुसत्या नजरेने उजव्या कडेवर बोट ठेवलं. "हितं एक शून्य बसतंय."

बसत होतं. उरलेली रुंदी डॅशच्या रुंदीने पुरी भागत नव्हती, कडेला पाऊण डॅशची फट. रकमेच्या ओळीवर अशी फट म्हणजे काय ते सांगायला नको. आता डॅश नाहीतच: मजकूर जिथे थांबतो तिथून समासापर्यंत एकच सलग रेघ छापताना ओढली जाते. फाइलीत फक्त खूण.

१४ ऑक्टोबर

विंडोज १० चा मोफत आधार आज संपला. शेजारच्या दोन वकिलांनी विचारलं, तुमचा दस्त आमच्याकडे चालेल का. अजून नाही म्हटलं.

२७ ऑक्टोबर

कच्ची फाइल. १९९४ च्या भारनियमनात अण्णांनी केलेली युक्ती: दर एंटरला तोवरची ओळ वेगळ्या फाइलीत डिस्कवर. वीज गेली तर जास्तीत जास्त एक ओळ जाते.

मीही दर एंटरला लिहीत होतो. चाचणी म्हणून टाइप करता करता प्लगच उपटला. सात ओळी गेल्या. विंडोज लिहिलेलं आपल्या मेमरीत धरून ठेवते आणि "लिहिलं" म्हणून सांगते. प्रत्येक वेळी डिस्कपर्यंत पोचवच, असा वेगळा हुकूम द्यावा लागला. पुन्हा उपटला. एक ओळ. पुन्हा. एक ओळ. अकराव्यांदा मावशींनी विचारलं, "मशीन मोडायला बसलाईस का?"

आणि हो, त्यांच्या दस्ताला एंटर लागतो कुठे, दोन-दोन पानांनी. जुन्या सोर्समध्ये पुन्हा बघितलं: अण्णा एंटरला नाही, ओळ आपोआप मोडली की लिहायचे. कॉमेंटमध्ये मात्र "एंटर" असंच लिहिलंय. कॉमेंटवर विश्वास ठेवला ही माझी चूक.

१० नोव्हेंबर

छापलेला नमुना बघून अण्णा म्हणाले, "हा ल आपला न्हाई." खरंच. दांड्याचा ल आणि शेंडीचा श, हिंदी वळणाचे. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवलाय, आणि त्या निर्णयाच्या कितीतरी आधीपासून इथे हात तसाच वळतो. फॉन्टात दोन्ही रूपं होती. मजकूर मराठी आहे हेच मी हार्फबझला सांगितलं नव्हतं, तो देवनागरी म्हणजे हिंदी धरून चालला होता. एका ओळीचा बदल.

१९ नोव्हेंबर

आज पहिला खरा दस्त नव्या एडिटरात. खरेदीखत, नऊ पानं. पहिलं पान मुद्रांकावर, बाकी हिरव्या लेजर कागदावर. पक्षकार आलेले, साक्षीदार रस्त्यावर चहा पितायत. सगळं छापून झालं आणि मावशींनी शेवटचं पान बाजूला काढलं. त्यावर नुसत्या सह्यांच्या जागा. वर मजकुराची एक ओळ नाही.

हे चालत नाही. सह्या एकट्या पानावर असल्या तर ते पान उचलून दुसऱ्याच कुठल्या मजकुराला जोडता येतं. निदान दोन ओळी तरी वर हव्यात. दोन पानं परत छापली, दस्त झाला, पक्षकार गेले. मावशी मात्र गप्प बसून राहिल्या.

"माझ्याकडनं असं कधी झालं नव्हतं."

मी म्हटलं, पान संपताना पडद्यावर आडवी रेघ दिसते की. त्या म्हणाल्या, मी पडद्याकडं कुठं बघते, मी कागदाकडं बघते. मग जुन्या मशीनवर कसं कळायचं? त्यांनी डोळे मिटले, बोटं हवेत चालवली. आणि म्हणाल्या, "वाजायचं."

रात्री छापील सोर्स काढला. ओळी मोजणाऱ्या फंक्शनमध्ये: पान संपायला पाच ओळी उरल्या की स्पीकर चालू, साठ मिलिसेकंद, बंद. २३ जूनच्या माझ्या यादीत, "टाकायचं" खाली, शेवटची नोंद.

डॉसबॉक्स बिचारा जूनपासून इमानाने वाजवत होता. नव्या मशीनला स्पीकर जोडलेलाच नव्हता.

२१ नोव्हेंबर

अण्णांना फोन. "टंकयंत्राला घंटी न्हवती का, ओळ संपताना? मशीनवर ओळ आपोआप मोडती, मग घंटीचं काय करायचं? पानाला लावली." मला हे कधी सांगितलं नाही? "तू इचारलंस कधी?"

२४ नोव्हेंबर

बीप केला. मावशींना पसंत नाही: "ह्यो मोबाइलसारखा वाजतोय." मी गोलसर, गोड सूर घेतला होता. पीसी स्पीकरचा आवाज म्हणजे नुसता चालू-बंद, चौकोनी लाट. सोर्समधला सुराचा आकडा ८८०, तोच घेतला आणि लाट चौकोनी केली. उद्यमनगरच्या बाजूने येताना एक छोटा स्पीकर आणला, तो मशीनच्या आत, जुन्याच्याच जागी बसवला. टेबलावर ठेवला तर आवाज समोरच्या बाजूने येतो आणि त्यांना तो पायाजवळून हवा आहे.

८ डिसेंबर

दुपारी दुकानात बसून बाकीची कामं लिहीत होतो. मावशी एका बक्षीसपत्रावर, शेजारी पक्षकार म्हातारबुवा थोरल्या मुलाची गाऱ्हाणी सांगतायत, मावशी हुंकार देतायत, नजर कच्च्या कागदावर. टेबलाखालून बीप झाला. त्यांनी बुवांना "मग धाकटा काय म्हणला?" असं विचारलं आणि विचारता विचारता शेवटचं कलम दोन ओळी अलीकडे तोडून पुढच्या पानावर ढकललं.

बाकी: पोराच्या कळसोयीत ब्लॉकच्या खुणा दिसत नाहीत. मुद्रांकाच्या पानाचा वरचा समास नव्या प्रिंटरवर तीन मिलिमीटर खाली येतो. "इथं हात लावू नको" ह्या फंक्शनला अजून हात लावलेला नाही, ते तसंच्या तसं नव्यात नेलंय.